प्रॉम्प्टर बसवलेला दशावतार

व्हिडिओ गेमचा नायक आर्थर मॉर्गन कपाटाचा खण ओढतो. आत पीचचा डबा, टॉनिकची बाटली आणि सिगारेटच्या पाकिटात मिळायचं तसलं एक चित्रकार्ड. डबा उचलून थैलीत, मग बाटली, मग कार्ड. दर वस्तूला पुन्हा बटण, दर वेळी हात खणात जाऊन परत येतो. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये हे सगळं एका टिचकीत उरकलं असतं. पहिल्या दिवशी त्या हाताचं कौतुक वाटतं. तिसाव्या तासाला अख्ख्या घराची झडती घ्यायची म्हटली की जांभई येते. 'रेड डेड रिडेम्प्शन २' आवडणारे आणि न आवडणारे या खणापाशीच वेगळे होतात. बरेच जण, आणि मीही त्यांतलाच, दोन्हीकडे एकेक पाय ठेवून असतात.

हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ ला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला; पीसीवर वर्षभराने, ५ नोव्हेंबर २०१९ ला. पहिल्या तीन दिवसांत ७२ कोटी ५० लाख डॉलरचा धंदा. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये कथेचं, संगीताचं, ध्वनीचं बक्षीस याला मिळालं आणि आर्थर साकारणाऱ्या रॉजर क्लार्कला अभिनयाचं. दिग्दर्शनाचं आणि वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं मात्र 'गॉड ऑफ वॉर'ने नेलं. तो निकाल मला आजही पटतो. याची चार बक्षिसं पुन्हा वाचा: गोष्ट, संगीत, आवाज, नट. चांगल्या नाटकाला मिळावीत अशीच आहेत ती.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर पेडण्याकडच्या माणसाला हे पटकन उमगेल. आपल्याकडे उत्सवा-जत्रेत दोन तऱ्हेचे खेळ होतात. एक म्हणजे देवळाच्या मंडपात गावकरी बसवतात ते नाटक, ऐतिहासिक नाहीतर संगीत. तालमी होतात, वही पाठ असते, तरी विंगेत प्रॉम्प्टर उभा. दुसरा दशावतार. त्याला लेखी संहिता नाही. रंगपटात आख्यान ठरतं, कोण कुठल्या प्रवेशात येणार ते ठरतं, आणि मग राजा आणि राक्षस उभ्या उभ्या संवाद रचतात. एकाने वाक्य लांबवलं तर दुसरा सांभाळून घेतो, पेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्या मागून जातात. 'रेड डेड २'ने हे दोन्ही खेळ एकाच मंचावर लावलेत. रानावनात मोकळे फिरता तेव्हा दशावतार. मिशन, म्हणजे गोष्टीतली नेमून दिलेली कामगिरी, सुरू झालं की विंगेतून प्रॉम्प्टर, आणि तोही असा की एक शब्द चुकला तर पडदाच पाडतो.

आधी दशावताराबद्दल. काळ १८९९ चा. आर्थरचा म्होरक्या डच व्हॅन डर लिंड याची टोळी ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसल्यावर बर्फात पळालेली आहे, तिथून गोष्ट सुरू होते. पहिला चॅप्टर सरळसोट आणि संथ आहे. त्यावरून मत बनवू नका, दुसऱ्यात जग उघडतं. व्हॅलेंटाइन गावाच्या रस्त्यावर चिखल आहे, तो बुटाला लागतो, मारामारीत पडलात तर कोटभर होतो, आणि तसाच राहिलात तर लोक बोलून दाखवतात. दाढी खरोखर वाढते. आर्थर आपल्या वहीत पाहिलेल्या जागांची चित्रं काढून ठेवतो. वाटेत साप चावलेला माणूस ओरडत असतो. नकाशावर ठळक खूण नाही, कुणी सांगितलेलं नाही. विष चोखून काढा किंवा औषध द्या. पुढे कधीतरी तोच माणूस बंदुकांच्या दुकानाबाहेर बसलेला भेटतो आणि म्हणतो, आत जा, हवं ते घे, पैसे मी भरतो. हाच तो प्रसंग, जिथे समोरचा नट तुमचं वाक्य लक्षात ठेवून पुढचं बोलतो.

दलदलीच्या बायू न्वामध्ये संध्याकाळी काजवे, धुकं आणि काठावर पडलेल्या सुसरीसारख्या ॲलिगेटर. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी पाहिलेल्यांना पाण्यावरचा तो लाकडाच्या ओंडक्यासारखा आकार लगेच ओळखू येईल. तिथे घोडा बिथरतो. जिनावरून खाली पडायचं नसेल तर बिथरल्याबरोबर त्याला शांत करायचं बटण दाबा.

घोड्याचं गणित नीट समजून घ्या, कारण अर्धा गेम त्याच्या पाठीवर जातो. जिव्हाळ्याच्या चार पातळ्या आहेत. खायला घातलं, ब्रश केला, थोपटलं, नुसतं चालवलं तरी त्या वाढतात. घोडा मेला की पातळीही गेली, म्हणून घोड्याला उठवायचं औषध, हॉर्स रिव्हायव्हर, एक तरी बाळगाच. उत्तरेला बर्फात इझाबेला सरोवराच्या पश्चिमेला पांढरा अरबी घोडा रानटी फिरत असतो. दुसऱ्या चॅप्टरमध्येच जाऊन धरता येतो. जाड कोट घालून जा, नाहीतर थंडीने आरोग्याचा कोअर, म्हणजे साठा, झिजतो. तो लांबून दिसला की आपल्या घोड्यावरून उतरा, चालत जा, कान टवकारले की थांबा, शांत करायचं बटण दाबा, मग पुन्हा दोन पावलं. घाई केली की पळाला.

शिकारीतही तीच चिकाटी. जनावरावर रोखून पाहिलं की एक ते तीन तारे दिसतात. अखंड कातडं हवं तर तीन ताऱ्यांचंच जनावर लागतं आणि त्याच्या आकाराचं हत्यार. सशाला व्हार्मिंट रायफल, हरणाला धनुष्य किंवा रायफल, नेम डोक्यावर. शॉटगनने हरीण मारलंत तर चाळण हाती येते. मेलेलं जनावर तसंच घेऊन फार दिवस हिंडू नका, कुजतं. दंतकथेतल्या, म्हणजे लेजंडरी जनावरांची चिंता नको: कातडं वाटेत हरवलं तरी ट्रॅपरकडे, म्हणजे कातडी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, पोचलेलं असतं. थैल्या मोठ्या करायच्या असतील तर टोळीच्या तळावरच्या खातेवहीतून आचारी पीअर्सनसाठी चामडं कमवायची हत्यारं घ्या, २२५ डॉलर. झटपट प्रवासाचा नकाशा हवा असेल तर आधी डचचा तंबू सुधारायचा, २२० डॉलर, मग आर्थरचा, ३२५. मालकाचं आधी, आपलं नंतर. गेमने ही उतरंड सहज ठेवली असेल असं वाटत नाही.

इथपर्यंत तक्रार नाही. आता प्रॉम्प्टर.

मिशन सुरू झालं की पडद्यावरच्या नकाशात पिवळी खूण येते आणि खाली एक वाक्य: डचच्या मागे जा, गाडीमागे लपा, पहारेकऱ्याला चाकूने मारा. त्या पहारेकऱ्याला धनुष्याने मारायचं सुचलं, मिशन फेल. डोंगराला वळसा घालून मागून जायचं ठरवलं, साथीदारापासून लांब गेलात म्हणून फेल. ज्या गेमने पंचवीस तास 'वारा कुठून वाहतोय ते बघ, मग वाट निवड' असं शिकवलं, तोच आता बोट धरून चालवतो आणि बोट सोडलं तर परत आणून उभा करतो. मिशन संपल्यावर सुवर्णपदकाच्या अटी दिसतात: इतक्या मिनिटांत संपवा, इतके डोक्याला नेम लावा, औषध न घेता. पहिल्यांदा खेळताना त्या लपवलेल्या असतात, हे त्यातल्या त्यात बरं. सगळीच मिशनं अशी नाहीत. व्हॅलेंटाइनच्या दारूगुत्त्यात साथीदार लेनीला शोधत फिरायचं मिशन, लहानग्या जॅकला मासे धरायला न्यायचं मिशन, यांत कुणाला मारायचं नसतं, आणि खेळून झालेल्या माणसाला विचारलंत तर तो आधी हीच सांगतो.

बाकीच्यांत मात्र तोच साचा. घोड्यावरून जाताना दहा मिनिटं फार सुरेख संवाद, पोचल्यावर पाच मिनिटं काहीतरी फसतं, मग पंधरा मिनिटं गोळीबार. एका दुपारी आर्थर वीस-तीस माणसं आडवी करतो. मिशनच्या भरात मारलेल्यांचा त्याच्या इभ्रतीवर, म्हणजे ऑनरच्या पट्टीवर, सहसा ओरखडाही उठत नाही. मग इभ्रत वाढवायची कशी? रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करून. सेंट डेनी शहराच्या गर्दीत चालत राहायचं, दिसेल त्याला 'काय कसं काय' म्हणायचं. धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. पट्टी टोकाला नेलीत तर दुकानात निम्म्या दरात माल. रात्री पश्चात्तापाचा संवाद ऐकून डोळे पाणावावेत आणि सकाळी त्याच माणसाने सवलतीसाठी शंभर लोकांना हॅलो म्हणावं, हा जोड मला शेवटपर्यंत सांधता आला नाही.

पैशांचंही तसंच. गोष्टीचा सगळा ताण 'पैसा नाही' यावर आहे. डच दर चॅप्टरला सांगतो की अजून एक मोठा हात मारला की झालं. पण दुसऱ्या चॅप्टरमध्येच जॅक हॉल टोळीच्या खजिन्याचे नकाशे मिळतात. कॅलिबन्स सीटचा कडा, मग कोटोरा स्प्रिंग्ज, मग ओक्रे रन तळ्यातलं छोटं बेट, आणि तिथल्या खडकात सोन्याच्या दोन विटा. 'पॉयझनस ट्रेल' नावाच्या दुसऱ्या मालिकेत शेवटी एलिसियन पूलच्या धबधब्यामागच्या गुहेत चार. एमराल्ड रँचचा चोरीचा माल घेणारा एका विटेचे ५०० डॉलर देतो. झाले तीन हजार. एवढी रक्कम खिशात घेऊन तुम्ही तळावर येता आणि टोळीचा सावकार स्ट्राउस तुम्हाला चार दमड्यांची उधारी वसूल करायला पाठवतो. टोळीच्या पैशांच्या पेटीत हजार टाका, दोन हजार टाका, डचच्या संवादात फरक पडत नाही. तळावरचं धान्य, औषध, काडतुसं यांचे निर्देशक लाल होऊ दिले तरी कुणी उपाशी मरत नाही. म्हणून सल्ला असा: पहिल्यांदा खेळत असाल तर खजिन्यांच्या मागे लागू नका. गरिबी खरी वाटली तरच गोष्ट चालते.

कंट्रोलरचे घोटाळे माहीत करून घेतलेत तर बरेच खून टळतील. प्लेस्टेशनवर घोड्यावर चढायचं बटण त्रिकोण, आणि माणसाला धरून आपटायचंही त्रिकोणच. घोड्याशेजारी कुणी उभा असेल तर आर्थर घोड्याऐवजी त्याच्या अंगावर जातो, बाई किंकाळी फोडते, शेरीफ धावतो, डोक्यावर बक्षीस लागतं. म्हणून कॅमेरा घोड्याकडे वळवून, दोन पावलं बाजूला होऊन मगच दाबा. दुसरं: एल२ ने माणसाशी बोलायची यादी उघडते, पण हातात बंदूक असेल तर तेच बटण नेम धरतं. गावाच्या वेशीवरच एल१ टिचकावून बंदूक म्यान करायची सवय लावा. तिसरा त्रास लांब बंदुकांचा. त्या घोड्याच्या जिनाला राहतात आणि तुम्ही उतरून अर्धा मैल गेल्यावर लक्षात येतं की खांद्यावर काहीच नाही. उतरण्याच्या अगदी आधी, घोड्यावर असतानाच, एल१ दाबून धरून हत्यारांच्या चक्रातून दोन्ही बंदुका निवडा. बऱ्याचदा कटसीननंतर, म्हणजे मधल्या नुसत्या बघायच्या प्रसंगानंतर, ही निवड बदललेली असते, तेव्हा पुन्हा पाहा. नेम धरताना हात जड वाटत असेल तर सेटिंगमध्ये डेड झोन कमीत कमी करा आणि ॲक्सिलरेशन वाढवा. पुष्कळ फरक पडतो, पूर्ण नाही. उरलेला जडपणा ॲनिमेशनचा आहे. आर्थर आधी पाऊल पुरं टाकतो, मग तुमचं ऐकतो.

पीसीवाल्यांसाठी थोडक्यात. जागा १५० जीबी. ४० एमबीपीएसच्या लाइनवर सव्वाआठ तासांहून जास्त, १०० वर सव्वातीन तास, तेही वेग पूर्ण मिळाला तर. किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७७० च्या तोडीचं कार्ड, नीट चालायला १२ जीबी आणि जीटीएक्स १०६०. टेक्श्चर अल्ट्राच ठेवा, एक पायरी खाली आलात तरी माती आणि लाकूड शाडूसारखं दिसतं. कडा गुळगुळीत करणारं एमएसएए बंद. पाण्याच्या फिजिक्सची पट्टी अर्ध्यावर आणा, ती फार खाते आणि फरक ओढ्याकाठी उभं राहून शोधावा लागतो. सारखा क्रॅश होत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये वल्कनवरून डायरेक्टएक्स १२ वर किंवा उलट करून पाहा. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर २०२१ पासून गेमचा वेग वाढवणारं डीएलएसएसही आहे. आणि आपल्याकडची खास सूचना: मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. जून-जुलैत वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मधोमध गेली की ते मिशन पहिल्यापासून. यूपीएस नसेल तर ढग भरून आल्यावर मिशन घेऊ नका, मासे धरा.

पुढे गोष्टीचा शेवट उघड होतो. खेळायचा असेल तर इथेच थांबा.

दुसऱ्या चॅप्टरमध्ये व्हॅलेंटाइनजवळच्या थॉमस डाउन्स नावाच्या शेतकऱ्याकडे उधारी वसूल करायला जावं लागतं. माणूस आजारी आहे. आर्थर त्याला मारतो, तो तोंडावर खोकतो. हे मिशन टाळता येत नाही, डाउन्सला सोडून देता येत नाही. पहिल्यांदा खेळताना हेही प्रॉम्प्टरचंच काम वाटतं, आणखी एक ठिकाण जिथे आपल्याला विचारलं नाही. पुढे सेंट डेनीचा डॉक्टर आर्थरला क्षय झाल्याचं सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला होता. क्षयावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. १८९९ चा माणूस बरोबर त्या मधल्या खड्ड्यात आहे: रोगाचं नाव कळतं, औषध नाही. डॉक्टर विश्रांती आणि कोरडी हवा सांगतो. त्यानंतर गेम काहीही न बोलता एक गोष्ट करतो. तोवर भरपूर खाल्लं की आर्थरचं वजन वाढायचं. आता कितीही खाऊ घाला, वाढत नाही. गालफडं बसलेली राहतात. ज्या आकड्यांच्या पट्ट्यांनी पन्नास तास वैताग आणला, त्यांतली एक इथे गोष्ट सांगायला लागते. एवढ्या मोठ्या खर्चाच्या गेमने आकड्याकडून असं काम करून घेतलेलं फार कमी वेळा दिसतं.

मधला पाचवा चॅप्टर, ग्वार्मा बेटाचा, लवकर उरकून टाका. सगळं सामान जातं, वाट एकच, आणि परत त्या बेटावर जाता येत नाही. पुढचा उपसंहार १९०७ चा, टोळीतल्याच जॉन मार्स्टनचा, अनेकांना लांबलेला वाटतो. शेण काढा, गाईचं दूध काढा, कुंपण ठोका, बीचर्स होपमध्ये घर बांधा. मला तो लांबलेला वाटला नाही. खणातून एकेक वस्तू काढणारा हात तिथे प्रथमच कामाला जुंपलेला दिसतो. न्यू ऑस्टिनचा मोठा मुलूख मात्र तोवर बंद ठेवून शेवटी जवळजवळ रिकामाच दिलाय.

आणि डाउन्सचं ते सक्तीचं मिशन. सहाव्या चॅप्टरमध्ये स्ट्राउस पुन्हा उधारीची यादी देतो. पुन्हा घोड्यावरून तसंच जायचं, तसंच दार वाजवायचं, समोर तशीच कर्जाने पिचलेली माणसं. या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात दोन बटणं येतात: पैसे घ्या, किंवा कर्ज माफ करा. चार चॅप्टर आधी हेच बटण का नव्हतं ते तेव्हा कळतं. तेव्हा आर्थरकडेच ते नव्हतं. उधारीचा निकाल लावून तळावर आल्यावर आर्थर स्ट्राउसला त्याच्या बोचक्यासकट हाकलून देतो, आणि तिथे मात्र पुन्हा कुणी आपल्याला विचारत नाही.